बाळंतिणीच्या मनाची निगा

आपल्या घरात लेक किंवा सून बाळंत झाली की चौकशीला ऊत येतो. मुलगा की मुलगी, वजन किती, दूध पुरते का, टाके किती, डिंकाचे लाडू झाले का, अळीव आणले का, बाळाला न्हाऊ घालायला बाई मिळाली का, या सर्व प्रश्नांची उत्तरे शेजारच्या पाच घरांना तोंडपाठ असतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो म्हणजे, "बाई, तुझे मन कसे आहे?"

प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. महोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण आपला ट्रस्ट कुटुंबांचा बनलेला आहे, आणि कुटुंबातील सर्वांत नाजूक काळ कोणता म्हणाल, तर पाळणा हलू लागल्यानंतरचे पहिले काही महिने. त्या काळात बाळाकडे दहा माणसांचे लक्ष असते आणि बाळाच्या आईकडे कोणाचेच नसते, असे पुष्कळदा घडते. तेव्हा हा विषय आपल्या घरातलाच आहे.

सुरतेचा वारसा

या विषयाशी आपल्या सुरतेचे जुने नाते आहे. डॉ. रखमाबाई यांचे नाव आपण ऐकले असेलच. 1864 साली मुंबईत जन्मलेल्या या मराठी मुलीचा विवाह अकराव्या वर्षी झाला. मोठेपणी तिने सासरी नांदायला जाण्यास नकार दिला. 1884 साली नवरा कोर्टात गेला आणि तो खटला देशभर व इंग्लंडातही गाजला. पुढे रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, डॉक्टर झाल्या आणि 1895 च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी या शहरातील आयाबायांची सेवा केली.

रखमाबाईंच्या आई जयंतीबाई यांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. त्याच पिढीतील आनंदीबाई जोशी यांना कोवळ्या वयात मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून उठून त्या अमेरिकेत शिकल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

त्या काळी प्रश्न होता बाळंतिणीचा जीव कसा वाचेल हा. स्वच्छ हात, स्वच्छ खोली आणि वेळेवर डॉक्टर मिळावा यासाठी त्या पिढीने जन्म वेचला. आज सुरतेतील बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. शरीराचे रक्षण करायला आपण पुष्कळ अंशी शिकलो. मनाचे रक्षण हा पुढचा धडा आहे, आणि तो अजून गिरवायचा राहिला आहे.

सव्वा महिन्याचे शहाणपण

आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सव्वा महिना ही आपली एक मोठी व्यवस्था होती. पहिलटकरणीने माहेरी जावे, तिला चूल नाही, पाणी भरणे नाही, धुणे नाही. तेल लावायला, शेक द्यायला, न्हाऊ घालायला कोणीतरी बाई यायची. पाचवीला बायका जमत, बाराव्या दिवशी बारसे होई. या सर्वांत औषध किती आणि रूढी किती हा वाद बाजूस ठेवू. त्यातील मुख्य गोष्ट ही की नव्या आईला विश्रांती मिळे आणि आपल्या माणसांची सोबत मिळे. आपली गुजराती शेजारीणही सुवावडीच्या घरी काटलुं घेऊन येते, ती याच समजुतीने.

परंतु या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली ही की तीत शरीराची आणि दुधाची काळजी होती, मनाची नव्हती. बाळंतीण रडली तर "दुधावर परिणाम होईल, रडू नकोस" एवढेच तिला सांगितले जाई. दुसरी ही की तिचा सारा भार घरातील रिकाम्या हातांवर होता. ते हात असतील तोवरच ती चाले.

आता सुरतेकडे पाहा. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणारी आपली कितीतरी कुटुंबे ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून येथे आली. नंदुरबार, अमळनेर, धरणगाव ही गावे त्याच मार्गावर आहेत. माहेर तिकडे, संसार इकडे. समजा, एखादी मुलगी सव्वा महिना माहेरी राहून सुरतेस परतली. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला जातो, सासूबाई गावी शेतीत अडकलेल्या, दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आणि कडेवर दोन महिन्यांचे मूल. दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नाही. रात्री मूल रडले तर "पोरगा दिवसभर काम करून आला आहे, त्याची झोप मोडेल" या धाकाने ती त्याला घेऊन पायरीवर बसते. तिच्या ताटात लाडू असतील, पण लाडवाने हा एकटेपणा जात नाही. मोठ्या सदनिकेत राहणाऱ्या शिकलेल्या मुलीचीही गोष्ट फारशी निराळी नसते. तिची खोली मोठी असते, एवढाच काय तो फरक.

मनाला काय होते

बाळंतपणानंतर मनाला होणारे त्रास तीन प्रकारचे आहेत. त्यांतील भेद प्रत्येक घराने समजून घ्यावा.

पहिला प्रकार अगदी सामान्य. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बाळंतिणीला कारण नसता रडू येते, चिडचिड होते, क्षणात हसू आणि क्षणात आसू. निम्म्याहून अधिक आयांना हे होते. बाळंतपणानंतर शरीरातील अंतःस्रावांचे प्रमाण झपाट्याने उतरते, त्यात झोप नाही आणि अंग दुखते, यामुळे हे घडते. दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरते. त्याला धीर, झोप आणि मायेचा शब्द एवढेच औषध पुरते.

दुसरा प्रकार आजाराचा आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते किंवा काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी नव्याने सुरू होते. कशात रस वाटत नाही. बाळ निजले तरी हिला झोप लागत नाही. भूक मरते, छाती धडधडते. "मी चांगली आई नाही, माझ्यामुळे सर्वांना त्रास" असे विचार पाठ सोडीत नाहीत. बाळाकडे पाहून माया दाटून येत नाही, आणि ती येत नाही म्हणून आणखी अपराधी वाटते. कधी कधी जगणेच नको वाटते. याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. थायरॉइडचा विकार आणि रक्तक्षय यांनीही असा थकवा व उदासी येऊ शकते, म्हणून रक्त तपासून घेणेही अगत्याचे.

तिसरा प्रकार विरळा, पण फार धोक्याचा. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला तो होतो, आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. रात्रंदिवस झोप नाही तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणे, घरच्यांवर विचित्र संशय, नसलेले आवाज ऐकू येणे, बाळाविषयी भलत्याच कल्पना, ही त्याची लक्षणे. अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करीत बसणे म्हणजे आईच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळणे होय. त्याच दिवशी तिला मोठ्या इस्पितळात न्यावे आणि तोवर तिला व बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये. वेळीच उपचार झाले तर या आजारातूनही बाया पूर्ण बऱ्या होतात.

गोव्याने शिकवलेला धडा

हे सारे शहरी, श्रीमंत घरचे चोचले आहेत, असे म्हणणारे काही जण भेटतात. त्यांनी गोव्याकडे पाहावे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील एका जिल्हा इस्पितळात येणाऱ्या 270 गर्भवती स्त्रियांची बाळंतपणानंतरही विचारपूस चालू ठेवली आणि 2002 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात 23 जणींना नैराश्याचा आजार होता आणि सहा महिन्यांनी 22 जणींना. पुढे 2017 साली देशातील 38 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही आकडा शंभरी 22 च निघाला. म्हणजे चार-पाच बाळंतिणींत एक.

सहा ते आठ आठवडे म्हणजे कधी, याचा विचार करा. सव्वा महिना संपला, माहेरची पाठवणी झाली, शेक देणारी बाई बंद झाली, आणि "आता झाली मोकळी" असे घराने ठरवले, नेमका तो काळ. आपली व्यवस्था जेथे थांबते तेथे कितीतरी जणींचे दुःख अजून चालूच असते.

हा आजार कोणाला अधिक होतो, हेही त्या अभ्यासात दिसले. घरातील ओढगस्त, नवराबायकोतील बेबनाव आणि मारहाण, गरोदरपणातच मन आजारी असणे, ही कारणे ठळक होती. मुलगी झाली की या कारणांचा जोर आणखी वाढे. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारे घर त्या आईला आजाराकडे ढकलत असते, हे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी मनावर घ्यावे. शिवाय ज्या आया उदास होत्या त्यांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने आणि उंचीने मागे पडलेली आढळली. आईचे मन आणि बाळाचे बाळसे यांची गाठ इतकी घट्ट आहे.

त्याच गोव्यातून आशेची गोष्टही आली आहे. स्वतः आई झालेल्या, मानसोपचाराचे कोणतेही शिक्षण नसलेल्या गावच्या बायकांना थोडे शिकवून तयार केले. त्यांनी उदास असलेल्या 140 गर्भवतींच्या घरी जाऊन बोलायचे, ऐकायचे, धीर द्यायचा आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ही भेट चालू ठेवायची. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांच्यापैकी अधिक जणी आजारातून बाहेर आल्या. आपल्या गल्लीतील प्रौढ भगिनी काय करू शकतात, हे यावरून कळावे.

आईने स्वतःसाठी करावयाच्या गोष्टी

नव्या आयांनो, स्वतःची काळजी घेणे हा स्वार्थ नव्हे. विहिरीला पाणी असेल तरच पोहरा भरून येतो. पुढील गोष्टी जमतील तेवढ्या कराव्यात.

एक, झोप. चोवीस तासांत निदान एकदा चार-पाच तासांची सलग झोप मिळावी अशी सोय करून घ्या. आधी काढून ठेवलेले आपले दूध घरातील दुसऱ्या माणसाला वाटी-चमच्याने पाजता येते. बाळ निजले की धुणे काढू नका, आडव्या व्हा.

दोन, अन्न आणि पाणी. लाडू अवश्य खा, पण डाळ, भाजी, फळ, दूध यांवाचून लाडू अपुरे आहेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही समजूत चुकीची आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्याव्या लागतात, त्या बंद करू नका.

तीन, हवा आणि उजेड. कोंदट खोलीत मन अधिकच कोंदटते. खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्यातून निघणारा विषारी वायू आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळ-संध्याकाळ थोडे चाला.

चार, खरे बोलायला एक माणूस. आई, बहीण, नणंद, मैत्रीण, कोणी का असेना, जिच्याजवळ "मला आज मूल नकोसे झाले" असे म्हणता येईल अशी एक व्यक्ती जवळ असू द्या. असा विचार मनात आला म्हणून कोणी वाईट आई होत नाही.

पाच, तुलना नको. अमकीचे मूल रात्रभर निजते, तमकीला दूध भरपूर, या गोष्टी ऐकून सोडून द्या. मोबाइलवर दिसणाऱ्या सजलेल्या आया पाहून आपला दिवस मोजू नका. माया काही जणींना पहिल्याच क्षणी दाटते, काही जणींना हळूहळू रुजते. दोन्ही रीती स्वाभाविक आहेत.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी

वर सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट बाळंतिणीला एकटीला साधणार नाही. झोप घ्या म्हणावे आणि बाळ मात्र तिच्याच मांडीवर ठेवावे, हे बरे नव्हे. म्हणून घरातील प्रत्येकाला वाटा उचलावा लागेल.

सासूबाईंच्या एका वाक्यात मोठी शक्ती आहे. "सूनबाई, बाळ माझ्याकडे दे, तू दोन तास पड" हे ते वाक्य. "आम्ही चार-चार पोरे वाढवली, कोणाला काही झाले नाही" या वाक्याने मात्र तिचे तोंड कायमचे बंद होते. त्या काळीही होत होते, फक्त विचारणारे कोणी नव्हते. माहेरच्यांनी पाठवणी केली म्हणजे कर्तव्य संपले असे समजू नये. पुढचे तीन महिने रोज दहा मिनिटे फोन करावा आणि बाळाआधी लेकीची चौकशी करावी.

नवऱ्याने बाळाचे लंगोट बदलले, रात्री एकदा त्याला फिरवले, बायकोचे बोलणे मधे न तोडता ऐकले, तर त्याचा मान कमी होत नाही. पाहुण्यांना वेळ ठरवून देणे आणि मुलगी झाल्याबद्दल कोणी हळहळले तर तिथल्या तिथे त्याला गप्प करणे, हे कामही त्याचेच.

उपचाराविषयी

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली की डॉक्टरांकडे जावे. हा एक नियम लक्षात राहिला तरी या लेखाचे सार्थक झाले. गेल्या पंधरवड्यात मन सतत उदास होते का, आवडत्या गोष्टींतला रस गेला का, हे दोन प्रश्न घरीही विचारता येतात. डॉक्टरांपाशी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ती 1987 साली एडिंबरो येथे तयार झाली असून जगभर वापरली जाते. समुपदेशनाने पुष्कळ जणी बऱ्या होतात, काहींना औषधही लागते. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत आणि आपल्या मनाने मधेच सोडू नयेत.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मनातले ओझे बाहेर पडते. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी उपचार मिळवावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी 2022 सालापासून चालू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

इस्पितळात ठेवले तर बाळ हिरावून घेतील, या भीतीने काही घरे आजार लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने या भीतीची दखल घेतली आहे. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा दूर करू नये, असे त्यात म्हटले आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर 2009 सालापासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवण्याचा स्वतंत्र विभाग आहे.

ट्रस्टने काय करावे

सरकारच्या योजनेत आशा कार्यकर्ती दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहून जाते. ती आली की बाळाबरोबर आपल्या मनाचीही गोष्ट तिला सांगावी. पण बेचाळिसाव्या दिवसानंतर कोण? आमची सूचना अशी की तेथून पुढे आपण व्हावे. प्रत्येक विभागात दोन-तीन अनुभवी भगिनींनी हे काम अंगावर घ्यावे. सभासदांच्या घरी पाळणा हलला की त्यांनी दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्या घरी जावे. हातात खाऊ असो वा नसो, अर्धा तास बाळ सांभाळावे, आईचे ऐकून घ्यावे, ऐकलेले दुसऱ्या घरी सांगू नये, आणि गरज दिसली तर डॉक्टरांकडे सोबतीने जावे. यासाठी इमारत नको, मोठा निधी नको.

वाचक भगिनी-बंधूंनो, ही स्मरणिका हातावेगळी करण्यापूर्वी आपल्या ओळखीत गेल्या सहा महिन्यांत कोण बाळंत झाली ते आठवून पाहा. येत्या रविवारी तिच्या घरी जा. बाळाला अवश्य मांडीवर घ्या, पण त्याआधी त्याच्या आईजवळ बसा आणि तिला विचारा, "बाई, तू कशी आहेस?" मग उत्तर येईपर्यंत थांबा.